वाळवंटातला ओढा समजून घ्यायचाय? आधी पायरी शोध
अरे, एकच फोटो बघून ओढ्याबद्दल काही ठरवू नकोस. बहुतेक दिवस तो कोरडाच असतो आणि सगळी उलथापालथ एखाद्या पुराच्या काही तासांत होते, पाणी चढताना तळाची वाळू खरवडली जाते आणि उतरताना परत भरते, म्हणजे नंतर गेलास तर तळ जवळपास तसाच दिसेल आणि तुला वाटेल काही झालंच नाही.

खरी मजा पात्रातल्या उभ्या पायरीत आहे. पाणी तिथून खाली कोसळतं, पायथ्याची माती पोखरतं, मग वरचा भाग ढासळतो आणि पायरी उगमाच्या दिशेने सरकत जाते, मागे खोल घळ सोडून. अमेरिकेच्या नैऋत्य भागात १९व्या शतकाच्या शेवटी असंच झालं, न्यू मेक्सिकोतली रिओ पुएर्को नदी बघ. कारण गुरांची चराई की हवामान यावर वाद आहे, माझ्या मते दोन्ही धरून चल. पुढे २०व्या शतकात टॅमरिस्कची झुडपं माजली, गाळ अडला, पात्रं अरुंद झाली.

जुने फोटो मिळव आणि त्याच जागी उभं राहून नवीन काढ. आणि लांब कुठे ढग गडगडले तर लगेच पात्राबाहेर ये, डोक्यावर ऊन असलं तरी, कारण तिथला पूर पात्रातून तुझ्यापर्यंत येऊ शकतो.