काचेपलीकडून कुणीतरी बघतंय

स्पीच थेरपीचं पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुलं माझ्याकडे समुपदेशनाला येतात, तेव्हा वाक्य बहुधा ठरलेलं असतं: "पेपरात मार्क चांगले पडतात, पण रुग्णासमोर बसलं की काही सुचत नाही. क्षेत्रच चुकलं का माझं?"

ईशाही (नाव बदललं आहे) हेच म्हणाली. पक्षाघातानंतर शब्द हरवलेल्या एका आजोबांचं सत्र ती घेत होती. एकतर्फी काचेपलीकडे सुपरवायझर. आजोबा किल्लीच्या चित्रावर अडले आणि हिची गाडीही तिथेच अडली. शेवटी सुपरवायझरनी आत येऊन सत्र निभावून नेलं.

"दुसऱ्या वर्षाला आहे मी, मॅडम. एवढं मला आलंच पाहिजे होतं."

मी अल्बर्ट एलिसच्या वाटेने जाणारी; 'झालंच पाहिजे' असा हट्टी विचारच माणसाला छळतो, असं मांडणारा हा मानसशास्त्रज्ञ. वाक्यातला असा 'च' मला लगेच खटकतो. पण पहिल्या तीन-चार भेटींत मी तो नुसता पकडून दाखवत राहिले आणि ती मान डोलवत राहिली. पटलं सगळं, हललं काहीच नाही.

मग एकदा सहज विचारलं, "आजोबांना 'किल्ली' म्हणता आलं नाही, तर तक्त्यात काय लिहितेस? चूक?"

"छे, लगेच नाही!" ती सरसावून बसली. "आधी थांबायचं. मग म्हणायचं, कुलूप उघडायला लागते ती. तरी नाही, तर पहिला आवाज द्यायचा, 'कि…'. त्यावर शब्द आला तर 'सूचनेनंतर' या रकान्यात खूण. तो रकाना फार कामाचा. कुठली मदत लागू पडते ते तिथेच कळतं."

"आणि स्वतःला मार्क देतेस त्या तक्त्यात किती रकाने आहेत?"

ती बराच वेळ गप्प. मीही मध्ये पडले नाही. एवढं तिच्या विषयाकडून मी शिकले होते. मग हळूच म्हणाली, "दोनच."

माझ्या चार भेटींच्या युक्तिवादाने जे झालं नाही, ते तिच्याच तक्त्याने केलं. तेव्हापासून या मुलांशी मी आधी त्यांच्या कामाबद्दल बोलते, 'च'बद्दल नंतर.

तुम्हीही याच प्रश्नाने बेजार असाल, तर सत्र संपल्यावर स्वतःसाठी तीन रकान्यांचा तक्ता भरा: 'स्वतः' जमलं, 'सूचनेनंतर' जमलं, 'नाही' जमलं. अभ्यासक्रमात देखरेखीखालचे तास ठेवलेले असतात, ते सूचना मिळाव्यात म्हणूनच. शिवाय या क्षेत्राचा पसारा बघा: उशिरा बोलणारं मूल, तोतरेपणा, आवाज बसलेली शिक्षिका, पाणी गिळताना ठसका लागणारे वृद्ध. एका ठिकाणी हात बसतोय तोवर पोस्टिंग बदलतं. आणि क्षेत्र खरंच चुकलंय का हे बघायचं असेल, तर एवढंच विचारा: ती काच नसती, तर त्या खोलीत जावंसं वाटलं असतं का? उत्तर 'नाही' असेल, तर जरूर फेरविचार करा. ईशाचं उत्तर यायला क्षणही लागला नव्हता.

परवा तिने नवा तक्ता दाखवला. गिळण्याच्या विकारांचं पोस्टिंग नुकतंच लागलंय. 'स्वतः'मध्ये दोन खुणा, 'नाही'मध्ये एक, बाकी सगळ्या मधल्या रकान्यात. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं: "आज सुपरवायझरना मीच आत बोलावलं."