आठव्या वर्षी जबड्याचे ऑपरेशन करून घ्यावे का?

खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून हे तिघे माझ्याकडे तपासणीला आले होते: आठ वर्षांची मुलगी, घरी शिलाईकाम करणारी आई आणि बेळगावात उद्यमबागेतल्या फौंड्रीत कामाला असलेले वडील. मुलीच्या चेहऱ्याची उजवी बाजू जन्मापासून लहान आहे. जबडा आखूड असल्याने हनुवटी उजवीकडे सरकलेली आहे आणि त्या बाजूचा कान कोंबाएवढाच आहे. एका ठिकाणी त्यांना ‘लहानपणीच ऑपरेशन करा’ असे सांगितले होते, तर दुसऱ्या ठिकाणी ‘वाढ पूर्ण होईपर्यंत थांबा’ असे. शेत गहाण टाकायचेही ठरले होते. “एकदाच काय ते होऊन जाऊ दे मॅडम, शाळेत पोरं चिडवत्यात,” आई म्हणाली. हा प्रश्न माझ्यापुढे वारंवार येतो, म्हणून ओळख पटणार नाही इतका बदल करून ही हकीकत लिहीत आहे.

ऑपरेशनाचे बोलण्याआधी ग्रहणाचे बोलावे लागले. गरोदरपणी ग्रहणात विळी हातात धरली म्हणून असे झाले, हे सासूचे बोल ती बाई आठ वर्षे ऐकत होती. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांतच चेहऱ्याच्या एका बाजूची घडण अपुरी राहते, सुमारे साडेतीन ते साडेपाच हजार जन्मांमागे एका बाळात हा दोष आढळतो आणि आईच्या विळीचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे मी मुद्दाम वडिलांकडे पाहून सांगितले.

सुचवलेली शस्त्रक्रिया म्हणजे जबड्याचे हाड कापून, त्याला यंत्र बसवून दिवसाला साधारण 1 मिलिमीटर ताण देत राहणे. फटीत नवे हाड तयार होते आणि ते घट्ट होईपर्यंत यंत्र काही आठवडे तसेच ठेवतात. हाडांचे डॉक्टर इलिझारोव्ह यांनी रशियात हातापायांच्या हाडांसाठी विकसित केलेली ही पद्धत जबड्यासाठी वापरल्याचा अनुभव न्यूयॉर्कचे प्लास्टिक सर्जन जोसेफ मॅकार्थी यांनी 1992 साली प्रसिद्ध केला, तेव्हा लहान वयातच चेहरा सरळ होईल अशी मोठी आशा निर्माण झाली. ऑपरेशननंतर चेहरा सरळ दिसतोही. परंतु पुढे अनेक वर्षे मुलांचा पाठपुरावा केल्यावर दिसून आले की, हाडाला लांबी मिळाली तरी त्या बाजूची वाढीची मूळ मंद गती बदलत नाही. निरोगी बाजू पुढे जाते, हनुवटी पुन्हा कलू लागते आणि अनेकांना वाढ संपल्यावर दुसरे ऑपरेशन करावेच लागते.

हे ऐकून आईने स्वतःच विचारले, “म्हणजे एका बाहीला तुकडा जोडला, पण अंग वाढतंय तसं दुसरी बाही आपोआप लांबतच जाणार?” मला याहून नेमके सांगता आले नसते.

थांबणे सर्वांनाच लागू नाही. जबडा इतका लहान असेल की श्वास अडतो, झोपेत घोरता घोरता श्वास तुटतो किंवा गळ्याला छिद्र करून नळी ठेवावी लागते, तर लहान वयातील शस्त्रक्रिया मोलाची ठरते. हनुवटीवर पडून किंवा कानाच्या संसर्गाने जबड्याचा सांधा जखडलेल्या, तोंड न उघडणाऱ्या मुलांची गोष्ट तर अगदीच निराळी आहे. तेथे चालढकल करणे हेच नुकसानीचे. या मुलीच्या झोपेची तपासणी करून घेतली, श्वासाला अडथळा नव्हता. ती जेवते नीट, पण घास डावीकडेच चावते.

मग मी मुलीला एकटीला विचारले. वेणी कानावर ओढून घेत ती म्हणाली की, मुलांच्या चिडवण्यापेक्षा बाईंचे बोलणे ऐकू येत नाही आणि बाई ओरडतात, याचे तिला जास्त वाईट वाटते. ती वर्गात डाव्या भिंतीला चिकटून बसत होती, म्हणजे तिचा चांगला कान भिंतीकडे होता! ऑपरेशनच्या चर्चेत वर्षभर कोणी तिच्या ऐकण्याची तपासणी केलेली नव्हती, याचा मला आजही राग येतो.

तपासणी झाली, बाक बदलला, हाडातून आवाज पोहोचवणाऱ्या यंत्राची माहिती घेतली. दर जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी त्याच कोनातून फोटो काढायचे आणि दातांच्या डॉक्टरांना दाखवायचे असे ठरले. चिडवण्याविषयी मुख्याध्यापकांशी बोलायला वडील एक दिवसाचा खाडा करून गेले. शेत अजून गहाण पडलेले नाही, मात्र सासूबाई दर ग्रहणाला विळी लपवून ठेवतात.