पहिला फोन लावताना

भाऊ, मनाचा त्रास असह्य झाला तर मदतीसाठी फोन कुठे लावायचा, हे मित्रासाठी विचारतोयस की स्वतःसाठी, ते सांगू नकोस. दोन्हींचं उत्तर एकच: १४४१६. सरकारची टेलिमानस, म्हणजे मानसिक त्रासात फोनवरून मदत करणारी सेवा, २०२२ पासूनची. फुकट, चोवीस तास, मराठीतूनही.

सुरुवातीला बहुतेक जण इथे चुकतात:
- नीट शब्द सुचेपर्यंत थांबतात. "झोप येत नाही, जीव घाबरतो" एवढं पुरतं.
- एकदा फोन लागला नाही की सोडून देतात. पुन्हा लाव.
- "गावात कळेल" म्हणून गप्प बसतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. जिवाला धोका असेल तर मात्र अपवाद. घरात बोलता येत नसेल तर एसटी स्टँडच्या गोंगाटात बोल, तिथे कोण कान देतंय!

समोरासमोर बोलायचं असेल तर जळगाव, धुळे, नंदुरबार, जवळ असेल तिथल्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग विचार. केसपेपर काढताना खिडकीवर सगळं सांगत बसू नकोस.

आणि आपल्याकडे कपाशीच्या फवारणीचं औषध घरातच पडलेलं असतं. ते आजच दुसऱ्याच्या ताब्यात दे. जीव द्यायचा विचार आत्ता डोक्यात असेल तर ११२ लाव, कुणाला तरी शेजारी बसव. गोळ्या, थेरपी, ते सगळं नंतर बोलू.