कारमध्ये रडार डिटेक्टर लावला तर चालान होतं का? (वर्धा-यवतमाळकडे नेहमी जाणं-येणं आहे)

मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये रडार डिटेक्टरचं (पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडारची चाहूल लागली की वाजणारं यंत्र) नाव घेऊन मनाई केलेली नाही. पण जॅमरची गोष्ट वेगळी. डिटेक्टर फक्त रडारच्या लहरी पकडतो, जॅमर मात्र रडारला गोंधळवायला स्वतः लहरी सोडतो. 2022 च्या जानेवारीत दूरसंचार विभागाने स्पष्ट केलं आहे की सरकारी परवानगीशिवाय कोणताही सिग्नल जॅमर वापरणं आणि विकणंही बेकायदेशीर आहे. डिटेक्टर-जॅमर 'टू इन वन' म्हणून खपवलेली वस्तू घेऊच नका.

आता खरी अडचण सांगतो भाऊ: पैसे वाया जातात. हायवेवरच्या इंटरसेप्टर गाडीत (वेग तपासणारी पोलिसांची गाडी) बहुधा लेझर गन असते. तिचा किरण इतका अरुंद, की डिटेक्टर वाजेपर्यंत तुमचा वेग मोजून झालेला असतो. उलट, शेजारच्या नव्या गाडीचा ब्लाइंड स्पॉट सेन्सर 24 गिगाहर्ट्‌झवर चालत असला की डिटेक्टर उगाच बोंबलतो. सरासरी वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांपुढे तर तो बिनकामाचाच. तिथे दोन ठिकाणांमधलं अंतर भागिले वेळ एवढाच हिशेब. समृद्धीवर कारला 120 ची मर्यादा, म्हणजे 100 किलोमीटर 50 मिनिटांच्या आत कापले की सापडलात.

वेगमर्यादा मोडली तर कलम 183 खाली कारला दंड 1000 ते 2000 रुपये. त्यापेक्षा फोनच्या नकाशात स्पीड लिमिटची सूचना चालू ठेवा, फुकट आहे. आणि गावरस्त्यावर कापसाचा ट्रॅक्टर नाहीतर रोही (नीलगाय) आडवा आला, तर त्याची सूचना कोणतंच यंत्र देत नाही.