भरती आली की पक्षी जातात कुठे?

ठाणे खाडीत ओहोटीला चिखलावर हजारो पक्षी दिसतात. भरतीला एकही नाही. जातात कुठे? (ऐरोली)

जवळच्या मिठागरांत. लहान टिलव्याचे पाय जेमतेम बोटभर. पाणी चढू लागले की चिखलातले किडे-अळ्या त्याच्या चोचीबाहेर जातात आणि उभे राहायलाही जागा उरत नाही. मग अख्खा थवा उठतो आणि मिठागराच्या बांधावर उतरतो. तिथे बघा, सगळे वाऱ्याकडे तोंड करून, बरेचसे एका पायावर. ओहोटी लागली की पुन्हा खाडीत. खाडी हे त्यांचे स्वयंपाकघर आणि मिठागर ही ओसरी. एकाच जागेची मोजणी करून 'इथे पक्षी जास्त, तिथे कमी' असे निष्कर्ष काढणाऱ्यांनी आधी भरती-ओहोटीची वेळ सांगावी.

एवढ्या खारट पाण्यात त्यांना खायला काय मिळते? (पेण)

कुठल्या वाफ्यात, त्यावर आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. भरतीचे पाणी आधी मोठ्या तळ्यात घेतात आणि एकातून दुसऱ्यात सोडत आटवतात. पहिल्या तळ्यात मासे असतात, म्हणून बगळे, पाणकावळे, खंड्या. क्षार लिटरला 100 ग्रॅमच्या पुढे गेले की बहुतेक मासे टिकत नाहीत. मासे नाहीत म्हणून आर्टेमिया हा कोळंबीसारखा बारीक जीव तिथे बेसुमार वाढतो. उचाट्याची वर वळलेली चोच पाण्यात डावी-उजवी फिरते ती यासाठीच. इथे पक्ष्यांच्या जाती कमी, थवे मात्र मोठे असू शकतात. मीठ धरू लागलेल्या शेवटच्या वाफ्यात खायला जवळपास काहीच नसते.

खोलीही बघावी लागते. शेकाट्या वीतभर पाण्यात आरामात चरतो, टिलव्याला दोन-तीन सेंटिमीटरच चालते.

आमच्याकडचे मिठागर बंद पडले आहे. तिथे तिवरे लावावीत का? (उरण)

सरसकट नको. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांना मोकळी जागा लागते, बहिरी ससाणा लांबून दिसावा म्हणून. झाडी दाटली की ते जागा सोडतात. सॅन फ्रान्सिस्को उपसागरात 2003 साली सुमारे 15,100 एकर मीठतळी निसर्गसंवर्धनासाठी घेतली. काहींचे बांध फोडून भरतीचे पाणी आत घेतले, काही मात्र तळी म्हणूनच राखली, कारण पक्ष्यांना त्यांची सवय झाली होती. बंद मिठागरात पाण्याची ये-जा चालू ठेवणे हे पहिले काम.

कायद्याने मिठागर पाणथळ जागा ठरते का? (भांडुप)

पाणथळ जागा जपण्यासाठीच्या रामसर या आंतरराष्ट्रीय करारात मानवनिर्मित पाणथळीही येतात. आपल्या 2017 च्या पाणथळ नियमांनी मात्र मीठ पिकवण्यासाठी बांधलेल्या जागा स्पष्ट शब्दांत वगळल्या आहेत. ठाणे खाडी 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, 2022 मध्ये रामसर स्थळ. तिथलेच पक्षी भरतीला ज्या मिठागरात जातात, ते या नियमांच्या लेखी पाणथळ नाही. ही विसंगतीच आहे. हरकत नोंदवायची असेल तर नुसते 'पाणथळ वाचवा' लिहू नका. भरतीच्या वेळी तिथे कोणते पक्षी किती होते, याची तारीखवार नोंद जोडा.