आभाळ भरलेलं असताना सोलार किती साथ देतं?

वळवाचे आणि परतीचे पाऊस, पडलेले खांब, जळालेल्या डीपी यांच्या निमित्ताने आलेल्या पत्रांमधले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : सप्टेंबर २०२५ च्या पुरात आमच्या वस्तीवर सलग तीन दिवस लाईट नव्हती. घरात चार माणसं, तीन मोबाईल. पुढच्या वेळेसाठी छोटा सोलार संच घ्यायचाय. किती वॅटचा घ्यावा? (एक वाचक, ता. परंडा)

प्लेटचे वॅट नंतर बघू, आधी रोजचा खर्च मांडा. बारा व्होल्टचे ५ वॅटचे तीन एलईडी दिवे पाच तास लावले तर ७५ वॅट-तास होतात. तीन मोबाईल एकेकदा भरायला साधारण ६०. बारा व्होल्टचा १२ वॅटचा टेबल फॅन रात्री आठ तास चालवला तर ९६. वायर आणि कंट्रोलर (प्लेटकडून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारी डबी) यांच्यातली गळती धरून दिवसाला २५० वॅट-तास लागतात. पंखा वगळला तर दीडशेत भागतं.

१२.८ व्होल्ट, ४० एएचच्या लिथियम फॉस्फेट बॅटरीत ५१२ वॅट-तास मावतात, त्यातले ४६० बिनधास्त वापरता येतात. म्हणजे पंख्यासकट पावणेदोन दिवस, पंख्याशिवाय तीन दिवस. साधी लेड-ॲसिड बॅटरी घेतली तर लिहिलेल्या क्षमतेच्या निम्मंच आपलं समजायचं. रोज त्याखाली उतरवली की ती लवकर जाते.

आता प्लेट. शंभर वॅटची प्लेट मार्चच्या स्वच्छ उन्हात दिवसाला साडेतीनशे वॅट-तास देते आणि दुकानात तोच आकडा सांगितला जातो. पण लाईट तीन दिवस जाते ती आभाळ गच्च असताना. अशा दिवशी तीच प्लेट ७० ते १०० वर येते. त्यामुळे आमचा सल्ला असा की पैसे मोजकेच असतील तर मोठ्या बॅटरीपेक्षा दुसरी प्लेट घ्या. शंभर वॅटच्या दोन प्लेट समांतर जोडल्या तर झाकोळलेल्या दिवशीही दिवे आणि मोबाईल यांचा खर्च बहुतेक निघतो. पंखा उघाडीवर सोडा.

कंट्रोलर २० अँपिअरचा आणि लिथियमची सेटिंग असलेला घ्या. बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरात २० अँपिअरचा फ्यूज हवाच, गाडीत बसतो तो चालतो. फ्यूज लांब कंट्रोलरपाशी लावला तर मधली वायर उंदराने कुरतडून शॉर्ट झाल्यावर तो काहीच वाचवत नाही. प्रत्येक प्लेटची वायर वेगळी खाली आणायची असेल तर दहा मीटरपर्यंत ४ एमएमची तांब्याची वायर वापरा. अडीच एमएममधून सहा अँपिअर नेले तर एवढ्या अंतरात जवळपास एक व्होल्ट वायरीतच जातो. आणि २३० व्होल्टचा छोटा इन्व्हर्टर मध्ये घालू नका. काहीही न चालवता तो आठेक वॅट खातो, म्हणजे दिवसरात्र चालू राहिला तर १९० वॅट-तास. दिव्यांच्या खर्चापेक्षा जास्त!

प्रश्न : सूर्यघर योजनेतून छतावर ३ किलोवॅटचा संच बसवला. लाईट गेली की भर उन्हात तोही बंद पडतो. बसवणाऱ्याने फसवलं का? (एक वाचक, लातूर)

फसवलं नाही, पण आधी सांगायला हवं होतं. हा ऑन-ग्रिड संच आहे. तारेतला वीजपुरवठा गेला की इन्व्हर्टरने स्वतःहून बंद व्हायचं असा त्याचा नियमच आहे. नाहीतर तुमच्या छतावरची वीज बाहेरच्या तारेत जाईल आणि खांबावर चढलेला वायरमन दगावेल. या नियमाला चकवण्यासाठी घरात जनरेटर लावून इन्व्हर्टर ‘जागा’ करायची युक्ती काही जण सांगतात. ती करू नका. जास्तीची वीज जनरेटरमध्ये उलटी घुसून तो जळतो. बॅकअप हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि हा बदल महावितरणला कळवून करायचा. तेवढा खर्च झेपत नसेल तर वर सांगितलेला छोटा संच वेगळा ठेवा, घरच्या वायरिंगला न जोडता.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. इन्व्हर्टर बंद असला तरी ऊन आहे तोवर प्लेटपासून त्याच्यापर्यंतच्या वायरी जिवंत असतात. घरात पाणी शिरायच्या आतच डीसीचा स्विच पाडा. पाणी चढल्यावर त्या खोलीत जाऊ नका.

प्रश्न : वावरात ३ एचपीचा सौर कृषिपंप आहे. पंप बंद असताना प्लेटा रिकाम्याच असतात. त्यातली एक तोडून आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) बॅटरी चार्ज करता येईल का? (एक शेतकरी वाचक, ता. अंबड)

नाही. त्या प्लेटा एकामागे एक जोडलेल्या असतात आणि टोकाला काहीशे व्होल्ट डीसी असतो. उन्हात चालू जोड ओढला तर ठिणगी विझत नाही, लांबत जाते. एसीच्या एमसीबीनेही ती तुटत नाही. शिवाय एक प्लेट काढली की कंट्रोलरला हवा तेवढा व्होल्टेज मिळत नाही, पंप अडखळतो आणि दुरुस्तीची हमीही जाते. आखाड्यासाठी ५० वॅटची स्वतंत्र प्लेट आणि १२ एएचची लिथियम बॅटरी पुरे. दोन दिवे आणि एक मोबाईल त्यावर आरामात निघतो.

प्रश्न : घरच्या इन्व्हर्टरला १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी आहे. दुकानदाराने सांगितलं म्हणून ३३५ वॅटची प्लेट आणि पीडब्ल्यूएम कंट्रोलर लावला. दिवसभर ऊन असूनही बॅटरी भरत नाही. प्लेट खराब निघाली का? (एक वाचक, उदगीर)

बहुतेक प्लेट चांगली आहे, जोडी चुकली आहे. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही चूक वरचेवर दिसते. ही प्लेट ३८ व्होल्टच्या आसपास काम करते आणि नऊ अँपिअर देते. पीडब्ल्यूएम कंट्रोलर हा नुसता उघडझाप करणारा स्विच असतो. तो प्लेटला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो. अँपिअर नऊचे नऊच राहतात; १३ व्होल्ट गुणिले ९, म्हणजे ११७ वॅट. उरलेले दोनशेच्या वर वॅट वाया. ३६ सेलच्या, ‘१२ व्होल्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्लेटला पीडब्ल्यूएम चालतो, मोठ्या प्लेटला नाही.

खात्री करायची असेल तर दुपारी बाराला प्लेटची वायर कंट्रोलरपासून सोडवून मल्टिमीटर डीसीवर लावा. ४० च्या आसपास आकडा आला तर व्होल्टेजची बाजू ठीक आहे. (पाठीमागे ४६ लिहिलेलं असतं, पण ते २५ अंशांचं माप आहे. मे महिन्यात प्लेट ६५ अंशांवर जाते आणि व्होल्टेज उतरतो.) कंट्रोलरची कमाल मर्यादाही वाचा. ती प्लेटवर लिहिलेल्या ४६ पेक्षा कमी असेल तर थंडीच्या सकाळी कंट्रोलर जळू शकतो.

उपाय म्हणजे १०० व्होल्ट, ३० अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर. तो जास्तीचा व्होल्टेज अँपिअरमध्ये बदलतो. जोडताना आधी बॅटरी, मग प्लेट. काढताना आधी प्लेट, मग बॅटरी. क्रम उलटला तर कंट्रोलर बॅटरीचा व्होल्टेज ओळखायला चुकतो, कधी जळतोही. एवढं करूनही बॅटरी भरली नाही तर डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा. उन्हाळ्यात दर महिन्याला बघायची असते.

प्रश्न : फोल्डिंग प्लेटवरच पॉवर बँक ठेवून चार्ज करत होतो, ती फुगली. माल खराब होता का? (एक वाचक, परभणी)

परभणीच्या उन्हात चांगला मालही फुगेल. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि उन्हातली काळी डबी साठीच्या पुढे जाते. प्लेट उन्हात, पॉवर बँक सावलीत, मध्ये दोन मीटरची चांगली केबल. पत्र्याच्या खोलीत माळ्यावरही नको, खाली फरशीवर ठेवा. फुगलेली पुन्हा चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. कोरड्या वाळूच्या डब्यात घालून घराबाहेर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याला द्या.

प्लेटवरून थेट मोबाईल लावण्यापेक्षा आधी पॉवर बँक भरा. ढग आला की थेट चार्जिंग तुटतं आणि काही प्लेटा पुन्हा सुरूच होत नाहीत. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत ७४ वॅट-तास असतात. त्यातून मोठा फोन तीनेक वेळा भरतो, चार वेळा नाही.

प्रश्न : आईला दमा आहे, नेब्युलायझर लागतो. शिवाय आमचा भाग भूकंपाचा. बॅटरी आणि सामान ठेवावं कुठं? (एक वाचक, ता. औसा)

कॉम्प्रेसरचा नेब्युलायझर शंभर-दीडशे वॅट घेतो, पण दहाच मिनिटं. एका वेळेला २५ वॅट-तास. प्युअर साइन वेव्हचा ३०० वॅटचा इन्व्हर्टर ठेवा, काम झालं की बंद करा. त्याहून बरं म्हणजे डॉक्टरांना विचारून सेलवर चालणारा मेश नेब्युलायझर घ्या. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मात्र ३०० वॅटच्या वर सतत ओढतो. तो या संचावर चालवायचा विचार करू नका, सिलिंडरची सोय आधी करून ठेवा.

जागेचं म्हणाल तर पूर आणि भूकंप यांचे सल्ले एकमेकांच्या उलट आहेत. सीना नदीकाठच्या घरात बॅटरी उंच ओट्यावर हवी. औशात ती खाली, भिंतीला पट्टीने आवळलेली हवी, वर कपाट किंवा उतरंड नको. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला, झोपेच्या वेळी आला होता. म्हणून नेब्युलायझर, औषधं, भरलेली पॉवर बँक आणि टॉर्च एकाच पिशवीत दाराजवळच्या खुंटीला अडकवा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दोन्ही चार्ज करा.