बुद्धिबळाच्या प्रोग्राममध्ये आधी मूल्यमापन फंक्शन सुधारावं की सर्च?
आधी सर्च, म्हणजे पुढच्या चाली बघत जाणं. मूल्यमापनाला, म्हणजे पटावरच्या स्थितीला गुण देण्याला, आत्ता हातही लावू नका.

तुम्ही लिहिलंय की पाच प्लाय (एका बाजूची एक चाल म्हणजे एक प्लाय) खोल बघूनही प्रोग्राम मोहरे फुकट घालवतो, म्हणून मूल्यमापनात आणखी घटक घालताय. मी नेमकं हेच केलं आणि त्यात अख्खं सेमिस्टर गेलं. प्रोजेक्टमधला माझा जोडीदार ठासून सांगायचा, इंजिनाला डाव कळत नाही, त्याला ज्ञान द्यायला हवं. मग दोन उंटांचे जादा गुण, दुहेरी प्याद्यांना दंड, राजाची सुरक्षितता... यादी वाढत गेली, इंजिन मंदावत गेलं, चुका तशाच. शेवटी एका रात्री मी इंजिनाने निवडलेली चालींची पूर्ण ओळ छापून पाहिली. पाचवी चाल: आपल्या वजिराने प्यादं मारलं. एक प्यादं वर, म्हणून ओळ उत्तम! त्या प्याद्याला घोड्याचा जोर होता. पण घोडा वजीर मारणार सहाव्या चालीला, आणि तिथवर इंजिन बघतच नव्हतं.

याला उपाय क्वायेसन्स सर्च. ठरलेली खोली संपली की लगेच गुण मोजायचे नाहीत. डाव शांत होईपर्यंत फक्त मारामारीच्या चाली पुढे बघायच्या. मारणं सक्तीचं नसतं, म्हणून ज्याची चाल आहे त्याला न मारता आहेत त्या गुणांवर थांबायची मुभा हवीच. राजाला शह असेल तर ही मुभा नाही, तेव्हा सुटकेच्या सगळ्या चाली बघा. मी हे चाळीसेक ओळींत लिहिलं, जोडीदाराचे सगळे घटक काढून फक्त मोहऱ्यांच्या किमती आणि कोणतं मोहरं कुठल्या घरात किती मोलाचं याचे तक्ते ठेवले, आणि जुन्या इंजिनाशी रात्रभर लढवलं. सकाळी नवं कितीतरी पुढे होतं. तोंडी परीक्षेत मात्र त्याने सांगितलं, सुधारणा त्याच्या घटकांमुळे झाली. मी गप्प बसलो, ते आजही सलतं.

चालींचा क्रमही लावा, लहान मोहऱ्याने मोठा मारायच्या चाली आधी. क्रम अचूक जमला तर अल्फा-बीटा (निकालावर फरक न पाडणाऱ्या फांद्या सोडून देणारी सर्च) तेवढ्याच कष्टात मिनिमॅक्सच्या (सगळ्या चाली बघणाऱ्या साध्या सर्चच्या) जवळपास दुप्पट खोल जातं.

अर्थात हे बुद्धिबळापुरतं. गो या पटावरच्या खेळात चांगलं मूल्यमापन हाताने लिहिणं जमतच नव्हतं, म्हणून तिथे २००६ पासून मॉन्टे कार्लो ट्री सर्चने (यादृच्छिक डाव खेळवून चाली जोखणाऱ्या सर्चने) जोर धरला. आणि २०२० मध्ये स्टॉकफिश या आघाडीच्या बुद्धिबळ इंजिनाने मूल्यमापनासाठी न्यूरल नेटवर्क घेऊन मोठी झेप घेतली, हेही खरं. जोडीदार आज हेच पुढे करेल. पण टोकाला गुण मोजण्याआधी क्वायेसन्स सर्च तिथेही चालतेच. ती त्यांनी काढलेली नाही.